चित्रपटातील वीरांचा उत्तरभाग

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही परिचयाच्या एका कुटुंबात गेलो असता तेथे तीन मुले एका लहानशा मोबाईलवर डोकी भिडवून बसलेली दिसली. पडद्यावर इमारती कोसळत होत्या, मोटारी आकाशात उडत होत्या, आणि मुले श्वास रोधून पाहत होती. इतक्यात युद्ध थांबले. नायक मुखवटा काढून एका तरुणीच्या दाराशी उभा राहिला आणि काय बोलावे हे न सुचून खाली पाहू लागला. त्याबरोबर तिघांतील थोरल्याने बोट फिरवून तो प्रसंग झरकन पुढे सरकविला. स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहणाऱ्या त्याच्या मातोश्रींनी "बरे केलेस" एवढेच म्हटले. मुलास तो प्रसंग कंटाळवाणा वाटला आणि मातोश्रींस तो अनुचित वाटला; अशा रीतीने दोन निरनिराळ्या कारणांनी त्या बिचाऱ्या नायकास आपले मन उघड करण्याची संधी त्या दिवशी मिळाली नाही.

ज्यांस सर्वत्र 'सुपरहीरो' म्हणतात त्या अचाट सामर्थ्याच्या वीरांविषयी शाळेच्या वार्षिक अंकात लिहावे की नाही, याविषयी आम्ही थोडे साशंक होतो. परंतु आमच्या विद्यार्थ्यांच्या मनात वर्षाचे किती दिवस कोणाचा वास असतो, याचा प्रामाणिक हिशेब मांडला तर या मुखवटेधारी मंडळींस टाळून चालणार नाही, हे उघड आहे. शिवाय पालकांचा एक आक्षेप वारंवार आमच्या कानी येतो. मारामारी एक वेळ पत्करली, पण ही प्रेमप्रकरणे मुलांपुढे कशाला, असे ते विचारतात. आम्हांस नेमके उलट वाटते. त्या दोन-अडीच तासांत मुलांनी लक्षपूर्वक पाहावे असे जर काही असेल, तर ते बहुधा त्या पुढे सरकविलेल्या भागातच असते. आणि चित्रपट दुसरा किंवा तिसरा भाग असेल, तर विशेषच.

दुसऱ्या भागाचा उल्लेख आम्ही सहेतुक केला आहे. पहिल्या भागात नायकास सामर्थ्य प्राप्त होते. कोणास कोळी चावतो, कोणी दूरच्या ग्रहावरून पाळण्यातल्या वयात पृथ्वीवर येऊन पडतो. आणि तो प्रथम भिंतीवर चढतो किंवा आकाशात झेप घेतो, त्या नवलाईवरच चित्रपट तरून जातो. दुसऱ्या भागापर्यंत ती नवलाई ओसरलेली असते. तो उडतो हे आपणांस ठाऊक असते, त्यास गोळी लागत नाही हेही ठाऊक असते. ज्यास काहीच होऊ शकत नाही, त्याची काळजी प्रेक्षकाने काय म्हणून करावी? या पेचातून सुटण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे पहिल्याहून मोठा शत्रू आणणे; आणि पुष्कळ चित्रपट तोच पत्करतात. दुसरा मार्ग अवघड आहे. नायकाचे बाहुबल जेथे काडीच्याही उपयोगाचे नाही, अशा जागी त्यास नेऊन उभे करावयाचे. दुसऱ्या माणसाच्या मनातला होकार ही ती जागा होय. तो होकार ओढून आणता येत नाही. त्यासाठी विचारावे लागते, थांबावे लागते, आणि नकार आला तर तोही घ्यावा लागतो.

ही युक्ती अमेरिकेतून आली अशी ज्यांची समजूत असेल, त्यांस आम्ही आमच्याच शेजारी घेऊन जाऊ इच्छितो. कापसाच्या गाठींवरून नाव पडलेल्या आमच्या कॉटन ग्रीनपासून परळ काही फार दूर नाही. त्या परळ भागात वाडिया घराण्याच्या 'लवजी कॅसल' नावाच्या जुन्या वाड्यात जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया या बंधूंचा 'वाडिया मूव्हीटोन' हा चित्रपटाचा कारखाना १९३३ पासून चालत असे. पुढे १९४२ मध्ये तीच जागा व्ही. शांताराम यांच्या 'राजकमल कलामंदिर'कडे गेली. याच वाडिया मूव्हीटोनने १९३५ मध्ये होमी वाडिया यांच्या दिग्दर्शनाखाली 'हंटरवाली' हा चित्रपट काढला. दुष्ट वजिराच्या जुलमाने प्रजा त्रासली असता राजकन्या माधुरी तोंडावर मुखवटा चढवून, हाती चाबूक घेऊन, घोड्यावरून दीनदुबळ्यांच्या साहाय्यास धावते, अशी त्याची कथा. माधुरीची भूमिका करणारी नादिया ऑस्ट्रेलियात जन्मलेली. तिचे मूळचे नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स. सुपरमॅन अमेरिकेच्या चित्रपुस्तकात अवतरला तो १९३८ साली. म्हणजे त्याच्या तीन वर्षे आधी आमच्या परळच्या मुखवटेधारी वीरांगनेने घोड्याला टाच मारली होती. गिरणगावाने याचा अभिमान बाळगला तर त्यात वावगे काय?

त्या चित्रपटातील एक गोष्ट आम्हांस फार आवडते. राजघराण्याच्या मोटारीचा धक्का लागून जसवंत नावाच्या एका सामान्य तरुणास इजा होते. राजकन्या भरपाई म्हणून सोने देऊ करते; तो ते नाकारतो. राजकन्येचे मन त्याच्याकडे वळते ते या नकारामुळे. जिच्या शब्दाला राज्यात कोणी नाही म्हणत नसेल, तिला प्रथमच एक मनुष्य असा भेटला की ज्यास तिच्याजवळचे काही नको होते. तिचे प्रेम येथून सुरू होते आणि आमच्या मते तिचे माणूसपणही येथूनच.

आणि मग आठ वर्षांनी उत्तरभाग आला. होमी वाडिया यांनी आता स्वतःची 'बसंत पिक्चर्स' ही संस्था काढली होती. तिच्या वतीने १९४३ मध्ये नादियालाच घेऊन जो चित्रपट निघाला त्याचे नाव 'हंटरवाली की बेटी'. वाचकांनी या नावाकडे जरा लक्ष द्यावे. चित्रपटगृहात पाऊल टाकण्यापूर्वी, रस्त्यावरचा फलक वाचतानाच, प्रेक्षकास कळून चुकत असे की ती चाबूकवाली आता कोणाची तरी आई आहे. मधल्या आठ वर्षांत तिने लग्न केले असेल, पाळणा हलविला असेल, मुलीच्या तापात रात्री जागून काढल्या असतील. यातील काहीही पडद्यावर दाखविण्याची गरज नाही. एका 'बेटी' या शब्दाने ते काम भागले. उत्तरभागाने नायकास माणूस कसे करावे, याचे इतके थोडक्यात साधलेले दुसरे उदाहरण आम्हांस माहीत नाही. (प्रत्यक्ष जीवनात नादिया आणि होमी वाडिया यांचा विवाह पुष्कळ वर्षांच्या सहवासानंतर १९६१ मध्ये झाला. म्हणजे तोही एक उत्तरभागच म्हणावयाचा.)

याहूनही मागे जावयाचे तर आपली रंगभूमी आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आले, तेव्हा त्यातील अर्जुन कोण हे प्रेक्षकांस सांगावे लागले नाही. मत्स्यभेद करून द्रौपदीस जिंकणारा तो हाच, हे लहान मुलासही ठाऊक होते. त्याचा पूर्वभाग घरोघरी आजीच्या तोंडून होऊन गेला होता. त्या त्रिभुवनप्रसिद्ध धनुर्धराचे किर्लोस्करांनी काय केले? सुभद्रा दुर्योधनास दिली जाणार या वार्तेने त्यास व्याकूळ केले, हातातले धनुष्य काढून दंड दिला, संन्याशाच्या वेषात बसविले, आणि जिच्यासाठी जीव तळमळतो ती समोर सेवेस उभी असता 'मीच अर्जुन' असे म्हणण्याची त्यास सोय ठेवली नाही. आजच्या मुखवटेधारी नायकाचा पेच याहून वेगळा तो काय आहे? आमचे पणजोबा हे नाटक पाहण्यास सहकुटुंब जात आणि मुलांस मांडीवर घेऊन बसत. त्यांस त्यात काही अनुचित वाटल्याचे ऐकिवात नाही.

आता अमेरिकेकडे वळू. सुपरमॅनचा पहिला मोठा चित्रपट १९७८ चा. दुसरा १९८० चा. या दुसऱ्या भागात त्याच्या वृत्तपत्रातील सहकारी लोइस लेन हिला त्याची खरी ओळख पटते. ती कशी पटते, हे पाहण्यासारखे आहे. नायगारा धबधब्याजवळच्या एका निवासात तो अडखळून शेकोटीवर पडतो आणि त्याच्या हाताला भाजल्याची खूण उमटत नाही. एवढ्या सामर्थ्यवान पुरुषाचे गुपित फुटले ते त्यास जखम झाली नाही म्हणून! पुढे तिच्याबरोबर संसार करता यावा यासाठी तो आपले सर्व सामर्थ्य स्वेच्छेने टाकून देतो. परतीच्या वाटेवर एका साध्या खाणावळीत एक उर्मट ट्रकवाला त्यास बदडून काढतो, आणि आयुष्यात प्रथमच तो आपल्या तोंडाचे रक्त बोटाला लागलेले पाहतो. त्या क्षणीचा त्याचा चेहरा भीतीचा तर आहेच, पण त्यात थोडे आश्चर्यही आहे. क्रिस्टोफर रीव्ह या नटाने तेथे जे केले आहे, त्यापुढे आम्हांस त्याची सगळी उड्डाणे फिकी वाटतात.

परंतु याच चित्रपटाचा शेवट आम्हांस मुळीच पटत नाही. पृथ्वीवर संकट आले म्हणून तो सामर्थ्य परत मिळवितो, शत्रूंचा पाडाव करतो, इथवर ठीक. नंतर मात्र लोइसला हे गुपित मनात वागविणे जड जात आहे असे पाहून तो तिचे चुंबन घेतो, आणि त्या चुंबनाच्या प्रभावाने तिच्या मनातली या साऱ्याची आठवण पुसून टाकतो. तिला विचारत नाही. तिचे दुःख हरण केले असे त्यास वाटते. आम्ही तर म्हणतो की तिच्याजवळची एक वस्तू त्याने तिला न सांगता काढून घेतली. जोवर तो मार खात होता तोवर माणूस होता. ज्या क्षणी त्याने दुसऱ्याच्या वतीने परस्पर निर्णय घेतला, त्या क्षणी पुन्हा उंच आकाशात जाऊन बसला. वडीलधारी मंडळी मुलांच्या बाबतीत कधी कधी असेच करतात, हे आम्ही येथे हळूच नमूद करून ठेवतो.

हिंदी चित्रपटांत राकेश रोशन यांची मालिका आमच्या विद्यार्थ्यांस पाठच आहे. 'कोई मिल गया' २००३ चा, त्याचा उत्तरभाग 'क्रिश' २००६ चा, आणि 'क्रिश ३' हा २०१३ चा. 'क्रिश'मध्ये आपले सामर्थ्य कोणास दाखवावयाचे नाही असे आजीला दिलेले वचन आणि प्रियेची ओढ, या दोहोंच्या मध्ये नायक सापडतो. प्रियेमागे तो डोंगरातून सिंगापूरला जातो. तेथे सर्कशीला आग लागते, मुले अडकतात, आणि वचनही मोडू नये, मुलेही वाचावीत, म्हणून तो एक फुटका मुखवटा तोंडावर चढवितो. मुखवट्याचे इतके घरगुती कारण आम्ही इतरत्र पाहिले नाही. तिसऱ्या भागात तो गृहस्थ झाला आहे. संकटाची हाक आली की काम टाकून धावतो, आणि म्हणून त्याच्या नोकऱ्या एकामागून एक सुटतात. जगाला वाचविणारा पुरुष घरखर्चाच्या चिंतेत आहे. हा धागा दिग्दर्शकाने थोडा आणखी ताणला असता तर आम्हांस आनंद झाला असता. पण गाणी आणि राक्षसी मंडळी यांनी त्यास फार वेळ टिकू दिले नाही. त्याच चित्रपटातील काया मात्र ध्यानात राहते. खलनायकाने प्रयोगशाळेत निर्माण केलेली, हवे ते रूप घेणारी ही स्त्री नायकाच्या पत्नीचे रूप घेऊन त्याच्या घरात शिरते. आली हेरगिरी करण्यास. परंतु ज्या घरात कोणी आपली वाट पाहते अशा घरात राहून तिचे मन पालटते, आणि शेवटी त्यापायी ती प्राणास मुकते. नायकाला माणूस करण्यासाठी आणलेल्या प्रेमाने येथे शत्रुपक्षाच्या एका बाहुलीला माणूस केले.

पालकांचा आक्षेप सर्वस्वी निराधार आहे, असे आमचे म्हणणे नाही. कित्येक चित्रपटांत नायिकेस एवढेच काम असते की तिने उंच मनोऱ्याला लोंबकळत राहावे आणि किंचाळावे. तिला उद्योग नाही, मत नाही, रागही नाही. तिला वाचविणे आणि एखादी किमती पेटी वाचविणे यांत फरक उरत नाही. असल्या प्रेमाने नायक माणूस होत नाही. आणि मुलांनी तो भाग पुढे सरकविला तर त्यांच्या अभिरुचीचे आम्ही कौतुकच करू.

याच्या अगदी उलट असा जो चित्रपट आम्हांस वाटतो, तो म्हणजे २००४ मधील 'स्पायडर-मॅन २'. दिग्दर्शक सॅम रायमी. यातला पीटर पार्कर गरीब विद्यार्थी आहे. दुचाकीवरून घरोघरी पिझ्झा पोहोचवितो; ठरलेल्या वेळेत पोहोचला नाही म्हणून ते काम जाते. (अशी पाठीवर पेटी घेऊन धावणारी मुले आता आमच्या प्रत्येक नाक्यावर दिसतात, त्यांच्यापैकी कोण वाटेत कोणाच्या साहाय्यास थांबला म्हणून उशिरा आला, हे आपण कधी विचारत नाही.) महाविद्यालयात त्याचा अभ्यास मागे पडतो. आणि ज्या मेरी जेनवर त्याचे प्रेम आहे ती नाटकात काम करते. तिच्या प्रयोगास येण्याचे तो वचन देतो. वाटेत चोरांचा पाठलाग आडवा येतो. तो चोरांस पकडतो आणि प्रयोगास उशिरा पोहोचतो. दारावरचा मनुष्य त्यास आत सोडत नाही. नियम तो नियम. आत रंगमंचावर मेरी जेनची दृष्टी त्या एका रिकाम्या खुर्चीवर जाते आणि तिचे शब्द क्षणभर अडतात. जो धावती मोटार हातांनी अडवितो, त्याला एका साध्या द्वारपालाने अडविले. आणि उशीर का झाला, हे ज्या एका व्यक्तीस सांगावयाचे तिलाच सांगण्याची त्यास मुभा नाही.

हा प्रसंग पाहताना आम्हांस दुसराच एक समारंभ आठवतो. कोणत्या शाळेचा, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. स्नेहसंमेलनात एका मुलास नाटकात राजदूताचे काम होते. वडील गोदामात कामाला. 'येतो' म्हणून सांगून गेले होते. पडदा वर गेल्यावर दार लावून घेण्याचा तेथे नियम होता. मुलगा रंगमंचावर आला, त्याने तिसऱ्या रांगेकडे पाहिले, आणि राजाला द्यावयाचा निरोप विसरला. मागून कोणी शब्द पुरविला, टाळ्या पडल्या, सारे निभावले. आम्ही बाहेर आलो तेव्हा ते गृहस्थ फाटकाशी उभे होते. कामाचे कपडे तसेच, हातात मुलासाठी घेतलेला वडापाव गार झालेला. माल उशिरा आला, साहेबांनी थांबवून घेतले, असे काहीतरी ते सांगू लागले. मुलाने ते ऐकून घेतले की नाही, कोण जाणे. स्थानकापर्यंतच्या वाटेवर तो एकटाच सर्व पात्रांची भाषणे म्हणून दाखवीत चालला होता, राजदूताच्या विसरलेल्या निरोपासुद्धा. आणि वडील मान डोलवीत होते.

पीटर पार्करला अशी वाट मिळत नाही. दुःखाने त्याचे सामर्थ्यच आटते, तो आपला पोशाख कचऱ्याच्या डब्यात टाकून देतो, आणि काही दिवस चारचौघांसारखा सुखात राहतो. पुढे नियतीने त्यास पुन्हा ओढून आणल्यावर पुलावरून भरधाव जाणारी आगगाडी थांबविताना तो बेशुद्ध पडतो. मुखवटा गेलेला असतो. गाडीतले उतारू त्यास हातांवर झेलून डब्यात आणतात आणि पाहतात तो काय, हा तर एक पोरगेला तरुण! दोन मुले त्याचा मुखवटा त्यास परत आणून देतात आणि कोणास न सांगण्याचे वचन देतात. आमच्या हार्बर मार्गाच्या गाडीत चक्कर आलेल्या परक्या माणसास जागा करून देणारे, पाणी पाजणारे हात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस हा डबा ओळखीचा वाटेल.

आता शेवट पाहा. मेरी जेनला त्याचे गुपित कळते. तो म्हणतो, माझ्या शत्रूंचा तुला धोका आहे, म्हणून आपण एकत्र येणे नाही. सुपरमॅनप्रमाणेच हाही तिच्या वतीने निर्णय घेऊन मोकळा झाला. परंतु चोवीस वर्षांत चित्रपटसृष्टीने काही शिकून घेतले होते. मेरी जेन दुसऱ्याशी ठरलेल्या लग्नाच्या मंडपातून निघते, त्याच पोशाखात धावत त्याच्या खोलीच्या दारी येते, आणि आपल्या बाबतीतला निर्णय आपणही घ्यावयाचा आहे असे त्यास ठणकावते. धोका तिला कळतो. तो पत्करावयाचा की नाही हे तिचे ती ठरविते. तो निरुत्तर होतो. आमच्या मते संपूर्ण चित्रपटात तो खराखुरा हरतो तो येथे, आणि त्या हरण्याने त्याचे मुख प्रथमच मोकळे झालेले दिसते. (लग्नमंडपात ताटकळत राहिलेल्या त्या दुसऱ्या वराविषयी दिग्दर्शकाने एखादा शब्द खर्च करावयास हवा होता, हेही खरे.)

इतक्यात खाली रस्त्यावरून पोलिसांच्या गाड्यांचा भोंगा ऐकू येतो. ती त्यास जाण्यास सांगते. तो खिडकीतून झेप घेतो, उंच इमारतींमधून झोके घेत दूर जातो, आणि कोणासही वाटेल की चित्रपट येथे संपला. तो संपत नाही. शेवटचे दृश्य त्याचे नव्हे. खिडकीत उभ्या राहिलेल्या मेरी जेनचे आहे. तिच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू मावळते आणि ती नुसती पाहत राहते.

मुले बहुधा तोपर्यंत उठलेली असतात. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध बाई मात्र एकदा नातवंडांबरोबर हा चित्रपट पाहत शेवटपर्यंत बसल्या होत्या. १९८२ च्या संपापूर्वी त्यांचे यजमान गिरणीत रात्रपाळीला जात. नातवाने टीव्ही बंद करण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा त्यांनी त्यास थांबविले आणि विचारले, "ही परत आत जाऊन निजली असेल का रे? आम्ही तर भोंगा झाल्यावर गॅलरीत उभ्या राहत असू, ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत."